गारुडी गेले, नागाचं भलं झालं का?

चाळकरी (धागाकर्ता)

नागपंचमी तोंडावर आली म्हणून हा धागा. लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना 'नागोबाला दूऽऽध' ही आरोळी समजावून सांगायला नको. पंचमीला सकाळपासून टोपलीवाले चाळीत शिरायचे. खाली चौकात टोपली उघडली की तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं ओणवी. बायका हळदकुंकू, लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन खाली. पैसे किरकोळ, पण जुनं लुगडं, सदरा, शिळ्या पोळ्या असं बरंच त्यांच्या झोळीत पडायचं.

आता कैक वर्षांत आमच्याकडे कुणी फिरकलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्याची धग चाळीच्या चौकापर्यंत पोचायला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागली. नागाचं भलं झालं असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पण ही माणसं गेली कुठे? आणि त्यांच्याजवळ सापांची म्हणून जी माहिती होती, ती खरी होती की नुसती बनवाबनवी? जाणकारांनी लिहावं. देवधर्म विरुद्ध विज्ञान असा आखाडा करू नये ही विनंती (करणार आहातच).

खवट म्हातारा

घ्या, आखाड्यात पहिली उडी माझी.

टोपलीवाला वर्षाला चार-पाच नाग पकडत असेल. एका टॉवरच्या पायाला पोकलेन लागला की त्या टेकाडावरची बिळं, अंडी, उंदीर, साप सगळं डंपरमध्ये भरून जातं. त्याला कुठलं कलम लागल्याचं ऐकलंय का कुणी? गरिबाची टोपली हातातून काढून घ्यायला सोपी असते, एवढंच.

दिवड

काका, पोकलेनबद्दल शंभर टक्के मान्य. पण त्याने टोपलीतला प्रकार धुऊन निघत नाही.

मी मुलुंड-भांडुप भागात साप सोडवण्याचं काम करतो, वनखात्याकडे नोंद आहे. टोपल्यांतून जप्त केलेले नाग हाताळले आहेत, म्हणून लिहितो. जेवत असाल तर नंतर वाचा.

नाग हातात आला की पहिलं काम दात काढणं. चिमट्याने, नाहीतर फडक्याला चावा घ्यायला लावून हिसका द्यायचा. नागाचे विषदात वरच्या जबड्यात अगदी पुढे असतात आणि त्यांच्या मागे बदली दात तयारच असतात. एक पडला की थोड्या दिवसांत दुसरा पुढे येतो. त्यामुळे हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. काही जण विषग्रंथीच डागतात. मग तोंड सडतं. मी हातात घेतलेल्या एका नागाचा जबडा एका बाजूला सुजून तोंड वाकडं झालं होतं आणि दाबल्यावर हिरडीतून पिवळा पू आला. दुसऱ्या एकाचे ओठ काळ्या दोऱ्याने शिवलेले, फक्त जीभ बाहेर येईल एवढी फट ठेवून. असा साप उंदीर गिळणार कसा? तो उपाशीच असतो. मेला की नवा आणायचा.

आता दूध. पंचमीच्या आधी बरेच दिवस त्याचं पाणी तोडतात. तहानेने कासावीस झालेला साप समोर येईल ते ओलं पितो, मग ते दूध का असेना. दूध पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. वर मान धरून ओतलं तर ते श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसं जातात. कुंकवाचं म्हणाल तर सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, त्याच्या कडेने कुंकू जाऊन बसतं. बायका भक्तीनेच टाकतात, पण त्याला ते पुसता येत नाही.

पुंगीचंही सांगून टाकतो. सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जाते, हवेतला खालच्या पट्टीतला आवाजही थोडाफार कळतो. पण तो डोलतो तो पुंगीच्या हलत्या तोंडाकडे बघून. पुंगी न फुंकता समोर नुसती मूठ फिरवा, तसाच डोलेल. फणा काढलेला नाग घाबरलेला असतो, रंगलेला नसतो.

गिरगावची सुलू

बाप रे. ओठ शिवलेला नाग... लहानपणी आम्ही 'बघ कसा गरीब आहे, चावत नाही' म्हणून शेपटीला हात लावायचो.

वकिली नको

कायद्याचं थोडक्यात, कारण पुढे कुणीतरी 'परंपरेला सूट आहे' असं ठोकून देणारच.

गारुड्याविरुद्ध असं वेगळं कलम कायद्यात नाही. कलम ९ ने शिकारीला बंदी आहे आणि कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या दिली आहे. त्यात मारण्याबरोबर पकडणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं हे सगळं येतं. म्हणजे टोपलीत नाग दिसला की शिकार झालेलीच आहे, खेळ करा वा न करा. कलम ३९ प्रमाणे वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. नाग पूर्वी परिशिष्ट २ मध्ये होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून तो परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. धामण आणि घोणसही तिथेच. शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड. परंपरा, व्रत, जात, धर्म कशालाही सूट नाही.

खवट म्हातारा

सरकारी मालमत्ता माझ्या मोरीत वेटोळं घालून बसली तर भाडं कुणाकडे मागू?

वकिली नको

भाडं नाही, पण कलम ११(२) वाचा. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने मारलं तर तो गुन्हा नाही. मोरीत झोपलेल्या धामणीवर फावडं घालणं मात्र त्यात बसत नाही. मुंबईत मारले जाणारे बरेचसे 'नाग' धामणच असतात.

टोपलीवाल्याचा नातू

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचतो. हा धागा बघून लिहावंसं वाटलं. आजोबा टोपली घेऊन भायखळा, माझगाव, लालबाग फिरायचे. चाळकरींच्या चाळीतही आले असतील. वडिलांनी थोडे दिवस केलं आणि सोडलं. मी टेम्पो चालवतो.

दिवड दादांनी लिहिलंय ते खोटं नाही. दात काढताना मी घरात बघितलंय.

आजोबांचा नेम होता की नाग मुदतीने सोडायचा, आणला तिथेच. अंड्यावरच्या मादीला हात लावायचा नाही. शपथच असायची तशी. त्यांनी किती पाळला ते मी सांगू शकत नाही, मी लहान होतो. वडिलांच्या वेळेला रान लांब गेलं. नाग दुसऱ्याकडून विकत घ्यावा लागायचा. पैसे मोजून आणलेला नाग कोण सोडतो? नेम तिथेच संपला.

आणि दुधाच्या पैशांवर कुणाचं घर चालत नव्हतं. पैसा सापाच्या विषावरचा उतारा म्हणून विकायच्या मुळीत होता. खेळ संपत आला की झोळीतून मुळी काढायची, नागापुढे धरायची. नाग मान मागे घेतो, तोंड फिरवतो. लोक म्हणतात, बघा, मुळीला घाबरला. मग पटापट विकली जाते. नाग का मागे जातो? आधी तापलेल्या सळईचे चटके दिलेले असतात. तशी काडी पुढे आली की तो मागे जाणारच. मुळी कसली होती तर कसलीही, जी मिळेल ती.

आमच्या घरात मंत्रावर, मुळीवर कुणाचा विश्वास नव्हता. चुलत्याला रात्री झोपेत मण्यार चावला तेव्हा मुळ्यांची पिशवी तिथेच खुंटीला लटकत होती. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. टॅक्सी करून सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. वाचला.

माहिती होती का विचारलंत. होती. बिळाच्या तोंडाची माती बघून आत कुणी राहतं की रिकामं आहे ते आजोबा सांगायचे. बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं धरलेलं असेल तर पुढे चालायचं, वेळ घालवायचा नाही. कात नुसती बोटांत फिरवून धामण की नाग ते सांगायचे. फणा कुठे आणि हात कुठे, याचा त्यांना अंदाज घ्यावा लागायचा नाही, तो त्यांच्या हातातच होता. वडिलांना यातलं अर्धं येत होतं. मला काही येत नाही.

कायद्याने नाग नेला, बरोबर केलं. पण त्यानंतर आमच्याकडे कुणी आलं नाही. माझ्या मुलीचा जातीचा दाखला काढायला गेलो तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राहण्याचा पुरावा मागतात. पालात जन्मलेल्या माणसाकडे १९६१ चा कागद कुठून येणार?

चाळकरी

नातू, मनापासून आभार. धागा काढल्याचं सार्थक झालं. तुमच्या पोस्टवर मला लगेच काही सुचत नाहीये.

वकिली नको

१९६१ ची अट विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी आहे, नातू म्हणतात ते अगदी खरं. फिरणं हाच ज्यांचा धंदा त्यांच्याकडे स्थिर वास्तव्याचा पुरावा मागायचा, यातला विनोद फाईल हलवणाऱ्याला दिसत नाही. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि नंतर इदाते आयोगाने भटक्या-विमुक्तांच्या कागदपत्रांचं दुखणं मांडलं होतं. नातू, मुलीच्या दाखल्यासाठी आजोबा किंवा पणजोबांच्या भावकीतल्या कुणाचा तरी शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, काहीही जुनं मिळतंय का बघा. रक्ताच्या नात्यातल्या कुणाला जात वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल तर काम बरंच सोपं होतं. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.

शिराळकर मुंबईकर

मी सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचा. वडील गिरणीत होते, म्हणून जन्म मुंबईचा, पण पंचमीला गावाला जाणं ठरलेलं. त्यामुळे दिवड यांच्या वर्णनावर एक पुरवणी: गारुड्याचा नाग आणि शिराळ्याचा नाग यांत फरक करा. आमच्याकडे पंचमीच्या आधी मंडळं शेतात फिरून नाग पकडायची, गाडग्यात ठेवायची, अंबाबाईच्या देवळात नेऊन मिरवणूक काढायची आणि नंतर आणला तिथे सोडायची. दात काढणं हे पाप मानलं जायचं. गोरक्षनाथांनी मातीचा नाग पुजणाऱ्या बाईला विचारलं, 'जिवंत पुजशील का?', तिथून ही प्रथा आली अशी गावाची श्रद्धा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१४ पासून जिवंत नागाची मिरवणूक बंद झाली. गावात अजून हळहळ आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शिक्षण आणि पारंपरिक ज्ञान या नावाखाली मर्यादित परवानगी दिली, तेव्हा गावात दिवाळी होती.

दिवड

शिराळकर, दात काढत नव्हते हे मान्य. पण ट्रॅक्टरवर, डीजेच्या भिंतीसमोर, हजारो माणसांच्या गर्दीत तासन् तास फणा काढायला लावलेला नाग सुखात असतो असं म्हणायचं आहे का? फण्याची लांबी मोजायच्या स्पर्धा होत होत्या. जुन्या शिराळ्याची गोष्ट वेगळी असेल. बंद पडलं ते हे नवं शिराळं.

शिराळकर मुंबईकर

डीजेबद्दल गप्प बसतो. तो आमच्या म्हाताऱ्यांनाही नको होता.

खवट म्हातारा

म्हणजे एकाच कायद्यात शिराळ्याला 'पारंपरिक ज्ञान' म्हणून परवानगी आणि नातवाच्या आजोबांना तुरुंग. शिराळ्याकडे आमदार आहे, पालवाल्यांकडे नाही. एवढाच फरक मला दिसतो. विज्ञानवाद्यांनी खोडून दाखवावं.

वकिली नको

पूर्ण खोडता येणार नाही, काका. ती वाट कलम १२ मधून जाते. शिक्षण आणि संशोधन यांसाठी पकडायची परवानगी देता येते. जीवरक्षक औषधासाठी सर्पविष गोळा करणं हेही त्याच कलमात आहे. कलम सगळ्यांना सारखंच, पण अर्ज लिहून दिल्लीपर्यंत पोचवणारा हात लागतो.

ओपीडीताई

सर्पविषाचा विषय निघालाच आहे तर. पालिकेच्या रुग्णालयात उभी हयात गेली, आता निवृत्त.

आपल्या परळचीच हाफकिन संस्था. १८९९ मध्ये प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली प्रयोगशाळा, १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. सर्पविषावरच्या लशीसाठी हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचत नेतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून औषध बनतं. आपल्याकडे मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला हिरवा चापडा (हाही विषारी सापच) चावला तर हे औषध लागू नाही. त्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही, पण हात भोपळ्यासारखा सुजतो आणि नातेवाईक 'लस का देत नाही' म्हणून डॉक्टरच्या अंगावर येतात.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचू आणि सापावर गावात बसून काम करत होते, तेव्हा अशी यादीबिदी कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

नातू यांनी मुळीचं लिहिलं ते मला फार लागलं. माझ्या टेबलावर आलेल्या दंशाच्या कितीतरी पेशंटच्या मनगटाला कसली तरी मुळी बांधलेली असायची. ती बांधण्यात गेलेले दोन तास आमच्या हातून निसटलेले असायचे. मण्यारीच्या दंशाला तर सूजही नसते, दुखतही नाही. माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात झोप झाली नसेल. गारुड्याने टोपलीतून किती साप मारले याचा हिशोब तुम्ही मांडलात. मुळीने किती माणसं मारली तेही त्यात धरा.

टोपलीवाल्याचा नातू

ताई, बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोडमबाक्कमचा मराठी

नोकरीनिमित्त चेन्नईला बरीच वर्षं होतो. नातवाचं वाचून इरुळांची आठवण झाली. तमिळनाडूतले इरुळा आदिवासी पिढ्यान्पिढ्या साप पकडणारे, पण खेळ करणारे नव्हेत. त्यांचा धंदा कातडीचा. १९७२ चा कायदा आणि मागोमाग कातडीच्या निर्यातीवरची बंदी यांनी तो एका फटक्यात बसला. तिथे सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळांची सहकारी सोसायटी उभी राहिली. वनखात्याच्या परवान्याने ठरावीक संख्येत नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडायचे, मडक्यात ठेवायचे, काही आठवड्यांत ठरल्या वेळा विष काढायचं आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून सोडून द्यायचे. तोच साप पुन्हा सापडला तर खुणेवरून कळतो. देशातल्या लस कंपन्यांना लागणारं विष मुख्यतः तिथून जातं. २०२३ मध्ये त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये अजगरांचा सुळसुळाट झाला तेव्हा शोधायला याच दोघांना नेलं होतं.

म्हणजे कायदा तोच, कलम १२ तेच. सापाचा माग काढणारी माणसं सोसायटीत आली, आपली टोपलीवाली आली नाहीत.

दिवड

इरुळांचं काम उत्तमच, पण त्याला एक शेपूट आहे. विष बहुतांशी तमिळनाडूच्या सापांचं. जात एकच असली तरी प्रदेशाप्रमाणे विषातले घटक बदलतात. त्यामुळे एका कोपऱ्यातल्या विषावर बनलेलं औषध दुसऱ्या कोपऱ्यात तितकं चालत नाही, जास्त कुप्या लागतात. प्रादेशिक विष गोळा करा असं संशोधक ओरडून सांगताहेत. महाराष्ट्रात असं काम वाढायला वाव आहे, आणि त्याला साप शोधणारी माणसं लागतील.

ओपीडीताई

जास्त कुप्या लागतात याला दुजोरा. मुंबईत मिळतात तरी. आडगावात तेवढ्या कुप्या हाताशी नसतात.

खवट म्हातारा

मग नातू, काढा सोसायटी! मी वर्गणी देतो. (हे थट्टेत म्हणत नाहीये.)

टोपलीवाल्याचा नातू

काका, माया आहे तुमची. पण कुणाला घेऊन काढू? आजोबा गेले. त्यांच्या बरोबरीचे दोघे कल्याणच्या पुढे वस्तीत आहेत, एकाला दिसत नाही. इरुळांची सोसायटी १९७८ ला झाली म्हणताय, म्हणजे कायद्यानंतर सहा वर्षांत. तेव्हा आमच्या आजोबांचा हात चालत होता. तेव्हा कुणी आलं असतं तर आजोबांनी टोपली टाकून दिली असती, असं मला वाटतं. आज माझ्या पोरांना साप दाखवला तर ती आधी मोबाईल काढतील.

गच्चीवरची

मोबाईलवरून आठवलं, आणि माझा प्रश्न आहे तो याचाच. मी बोरिवलीला नॅशनल पार्कच्या कुंपणालगतच्या सोसायटीत राहते, यंदा सेक्रेटरीची माळ माझ्या गळ्यात. पावसाळ्यात साप निघतातच. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये नाग निघाला. कुणीतरी एका 'सर्पमित्रा'ला फोन लावला. आला तो बरोबर कॅमेरावाला घेऊन. पिशवीत भरण्याआधी वीस मिनिटं नाग शेपटीला धरून फिरवला, फण्याच्या मागे मुका घेतला, सोसायटीच्या पोरांना गोल उभं केलं. मग दीड हजार रुपये मागितले. संध्याकाळी रीळ आलं, मागे गाणं, आमच्या बिल्डिंगच्या नावासकट. हे कायदेशीर आहे का?

दिवड

नाही, आणि माझं डोकं फिरवायला एवढं पुरे आहे. साप पकडून वनखात्याला कळवणं, नोंद करणं आणि जवळच्या योग्य अधिवासात सोडणं, एवढंच आमचं काम. खेळवणं, चुंबन, गळ्यात घालणं, चित्रण करून टाकणं यातलं काहीही त्यात बसत नाही. पैसे मागायचे नसतात. पेट्रोलला कुणी स्वखुशीने दिले तर गोष्ट वेगळी. असल्या स्टंटपायी आमच्यातली चांगली चांगली पोरं नाग चावून गेली आहेत. केरळने २०२० पासून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राशिवाय साप पकडायला बंदी घातली, 'सर्पा' नावाचं ॲप काढलं. सापाची जागा टाकली की जवळच्या प्रमाणित माणसाला निरोप जातो. आपल्याकडे ओळखपत्रं आहेत, पण कोण खरा आणि कोण कॅमेरावाला हे फोन करणाऱ्याला कळायची सोय नाही.

टोपलीवाल्याचा नातू

पोरं गोल उभी केली, नाग डोलवला, पैसे घेतले. पुंगी तेवढी राहिली म्हणायची. आजोबांना याच कामासाठी दोनदा आत टाकलं होतं.

गिरगावची सुलू

+१. आणि याला पन्नास हजार लाईक.

खवट म्हातारा

नातवाने एका ओळीत धागा जिंकला. मी पोकलेन घेऊन घरी जातो.

दिवड

गच्चीवरची, कामाचं लिहितो. साप दिसला की एका माणसाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी गच्चीवर जायचं (तुमच्या आयडीला साजेसं). वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, 'हॅलो फॉरेस्ट'. नॅशनल पार्क तुमच्या दारातच आहे, त्यांच्या बचाव पथकाचा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवा. येणाऱ्याचं वनखात्याचं ओळखपत्र बघा. कॅमेरा काढला तर 'आधी पिशवीत' एवढंच ठणकावून सांगा. कचऱ्याची खोली आणि पाण्याच्या टाकीभोवतीचं भंगार हलवा. उंदीर तिथे, म्हणून नाग आणि धामण तिथे. फिनेल, गंधक, लसूण असलं काही शिंपडू नका, सापाला ढिम्म फरक पडत नाही.

ओपीडीताई

दंशाचंही घ्या त्यात. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. साप शोधायला, मारून दाखवायला वेळ घालवू नका, लक्षणांवरून उपचार होतात. जवळच्या मोठ्या पालिका रुग्णालयात थेट जा. वाटेत फॅमिली डॉक्टर नको.

गच्चीवरची

दोघांचेही आभार, नोटीस बनवते. आणखी एक. आमच्या बिल्डिंगमधल्या आज्या म्हणतात पंचमीला कुणी टोपलीवाला गेटवर आला तर पूजा करून घेऊ, मग तक्रार करा. काय सांगू त्यांना?

शिराळकर मुंबईकर

पाटावर हळदीचा नाग काढा, लाह्या-दूध दाखवा, पुरणाची दिंडं करा. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, हे पाळा. शिराळ्यातसुद्धा आता मातीच्या नागाची पूजा होते, सांगा त्यांना. शिराळ्याचं नाव ऐकलं की आज्या ऐकतात.

गिरगावची सुलू

आमच्याकडे आई पाटावर नऊ नाग काढायची. टोपलीवाला आला नाही म्हणून पंचमी अडल्याचं मला आठवत नाही.

गच्चीवरची

नातू, एक विचारू का? पंचमीच्या आधी सोसायटीत छोटा कार्यक्रम ठेवायचा विचार आहे. दिवड दादा साप ओळखायला शिकवतील (फोटोंवरून, जिवंत नाही). तुम्ही मुळीचं आणि दुधाचं जे लिहिलंत ते आज्यांसमोर सांगाल? तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल. मानधन देऊ.

टोपलीवाल्याचा नातू

ताई, येईन. मुळीचं सगळं सांगतो, सळईसकट. पण बॅनरवर 'गारुडी' लिहू नका, आणि मोबाईलवर शूटिंग नको, मुलीच्या शाळेत कुणी बघायला नको. सकाळची वेळ ठेवू नका, सकाळी भाडं असतं. तीननंतर कधीही. आणि टेम्पोला आत पार्किंग मिळेल का ते बघा, तुमच्या रस्त्यावर लगेच टो करतात.